राजकारणावर नव्हे, फॉरवर्डवर बंदी घाला : मराठवाड्यातील ग्रुप ॲडमिनना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील गावांचे, भावकीचे आणि माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप चालवणारे सर्व ॲडमिन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी एखाद्या पक्षाच्या नेत्याला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे, कारण मराठवाड्यातील माणसे आज राजकारणावर जिथे सर्वांत जास्त बोलतात आणि बोलता बोलता जिथे सर्वांत जास्त दुखावली जातात, त्या जागेचा कारभार आपल्याकडे आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी ग्रुपच्या माहितीत एक ओळ घातली आहे : 'राजकीय व जातीय पोस्ट टाकू नयेत, टाकल्यास पूर्वसूचना न देता रिमूव्ह केले जाईल.' त्यामागचा हेतू चांगला आहे. भावाभावांत आणि एका बाकावर बसून शिकलेल्या मित्रांत वितुष्ट येऊ नये, म्हणूनच आपण ती ओळ लिहिली. तरीही ती काढून टाकावी आणि तिच्या जागी वेगळा नियम करावा, अशी माझी विनंती आहे. राजकारणावर हवे ते लिहावे, पण स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या नावाने लिहावे. दुसरीकडून आलेला राजकीय मजकूर, चित्र किंवा चित्रफीत पुढे ढकलू नये.

मी लातूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे समाजशास्त्र शिकवले. माझ्या विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या तुकड्यांनी मला त्यांच्या ग्रुपमध्ये घेतले आहे, माहेरच्या भावकीचा ग्रुप आहे, सासरच्या गावाचा आहे. या सगळ्या ठिकाणी मी जे वाचते, त्यावरून हे लिहीत आहे.

१ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न गावागावांत पोहोचला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला बीड जिल्ह्यात लोकप्रतिनिधींची घरे जाळली गेली. पुढच्या जूनमध्ये जालना जिल्ह्यातीलच वडीगोद्रीला ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषण झाले. त्याच महिन्यात लोकसभेचा निकाल लागला, बीडमध्ये पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव झाला, आणि त्यानंतरचे कित्येक दिवस 'त्यांच्या दुकानातून खरेदी करू नका' अशा अर्थाचे संदेश मराठा आणि ओबीसी अशा दोन्ही बाजूंनी फिरत होते. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी कर्मचाऱ्यांच्या टेबलांवरील पाट्यांवरून आडनावे काढायला लावली आणि केवळ पहिले नाव ठेवले. तक्रार घेऊन आलेला माणूस समोरच्या पोलिसाचे आडनाव वाचून आपल्याला न्याय मिळेल की नाही हे ठरवू लागला, तर काय करायचे, हा प्रश्न एका जिल्ह्याच्या पोलीस दलाला पडला, यावरून गोष्टी कुठवर गेल्या होत्या ते कळते.

मराठवाड्याला भांडणे नवी नाहीत. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या वर्षांत या प्रदेशाने जे सोसले, विशेषतः दलित वस्त्यांनी जे सोसले, ते माझ्या पिढीने पाहिले आहे. त्या काळात मोबाइल नव्हते म्हणून लोक शहाणे होते, असे मी म्हणणार नाही. घरे तेव्हाही जाळली गेली. फरक इतकाच सांगते की, ज्याला आपले मत सर्वांपर्यंत पोहोचवायचे असे, त्याला ते बसून लिहावे लागे, खाली नाव आणि गाव घालून वर्तमानपत्राला पाठवावे लागे आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्याचे उत्तर द्यावे लागे. आज ज्याचे वाक्य आहे त्याचा पत्ता नसतो आणि ज्याने ते पाठवले तो म्हणतो की वाक्य माझे नाही.

आमच्याकडे वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप करून पांडव पूजले जातात, आंबिलाचे बिंदगे डोक्यावरून शेतात येते, भज्जी, उंडे, खीर असा बेत असतो, आणि ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याने आवर्जून बोलवायचे असते. माझे दोन विद्यार्थी, एक मराठा आणि एक वंजारी, दहावीपासूनचे मित्र. दुसरा पहिल्याच्या शेतात दर येळवशीला सहकुटुंब येत असे. २०२४ च्या येळवशीला तो आला नाही. त्याआधी काही आठवडे पहिल्याने तुकडीच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला होता. त्यात वंजारी समाजातल्या लोकांनी सरकारी नोकऱ्या कशा 'बळकावल्या' याचे मोठमोठे आकडे होते, कोणत्याही आकड्याचा आधार नव्हता, आणि शेवटी 'जागे व्हा, प्रत्येक ग्रुपवर पाठवा' असे लिहिले होते. दुसऱ्याने त्यावर काही न लिहिता तसाच दुसरा मजकूर टाकला, त्यात मराठ्यांच्या साखर कारखान्यांची आणि संस्थांची यादी होती. ॲडमिनने दोघांनाही काढले.

मी पहिल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "बाई, म्या काय लिवलंय का ते? आलं तसं फुडं ढकललंय फकस्त." दुसऱ्याला विचारले तर तो म्हणाला, "ढकलणाऱ्यानं वाचलं नसंल बाई, पर आमच्या घरात समद्यांनी वाचलं."

या दोन वाक्यांत मला सगळे भांडण दिसले. पाठवणारा स्वतःला निर्दोष समजतो, कारण शब्द त्याचे नाहीत. ज्याला लागले त्याच्या दृष्टीने मात्र ते मित्राच्या नावाखाली आलेले मित्राचेच शब्द आहेत. मजकूर लिहिणारा तिसराच कोणीतरी असतो. तो पुण्यात, मुंबईत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या प्रचार कार्यालयात बसलेला असतो, त्याला या दोघांची नावे माहीत नसतात आणि येळवस मोडल्याचे त्याला सोयरसुतक नसते.

मग मी दोघांना सांगितले की, आरक्षणाच्या प्रश्नाने तुमचे स्वतःचे काय बिघडते किंवा सुधारते, ते स्वतः लिहून मला द्या. कोणाचे भाषण नको, आकडे नकोत. बरेच दिवस गेले, पण दोघांनीही लिहिले. पहिल्याने लिहिले की, वडिलांकडून वाटणीला आलेली जमीन इतकी थोडी आहे की सोयाबीन काढल्यावर मजुरी आणि मळणीचे पैसे वजा जाता हातात काही राहत नाही. मुलाला लातुरात वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या शिकवणीला घातले, त्यासाठी सोने गहाण ठेवले, शासकीय महाविद्यालयाची जागा थोड्या गुणांनी गेली आणि खाजगी महाविद्यालयाची फी त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. दुसऱ्याने लिहिले की, त्याचे आईवडील ऊसतोडीला जात, दिवाळीनंतर तोही त्यांच्याबरोबर कोपीवर राहायला जाई, म्हणून चौथीपासून त्याचे निम्मे वर्ष बुडत असे. त्याची मुलगी घराण्यातली नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी आहे, आणि ज्या वाटेने ती गेली त्या वाटेवर उद्या फार मोठी गर्दी झाली तर धाकटीचे काय होईल, या भीतीने त्याला झोप लागत नाही. दोघांच्या परवानगीने मी ते दोन्ही मजकूर ग्रुपवर टाकले. त्यावर जी चर्चा झाली तीत राग होता, पण कोणी कोणाच्या जातीला नावे ठेवली नाहीत. पुढचे बोलणे शासकीय महाविद्यालयांतल्या जागा, शिकवण्यांची फी आणि वसतिगृहे यांवर गेले. आरक्षणावर दोघांचे मत आजही पूर्वीचेच आहे, आणि ते बदलावे म्हणून मी हा खटाटोप केला नव्हता.

माझा आग्रह फॉरवर्डबद्दल का आहे, ते यावरून आपल्या लक्षात येईल. खुद्द व्हॉट्सॲपलाही या गोष्टीचा धोका ठाऊक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अशा घटना त्या उन्हाळ्यात देशभर घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून, पाच किंवा अधिक वेळा हस्ते-परहस्ते फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशावर दोन बाणांची खूण दिसते. ती दुहेरी खूण दिसली की समजावे, लिहिणारा आपल्या ओळखीचा नाही. खूण टाळण्यासाठी मजकूर कॉपी करून चिकटवणारे किंवा स्क्रीनशॉट पाठवणारे असतातच, पण आपल्या ग्रुपमधला माणूस कसा लिहितो हे आपल्याला माहीत असते. ज्याने जन्मात 'षड्यंत्र' हा शब्द वापरला नाही, त्याच्या नावाने सकाळी सहा वाजता तीन परिच्छेदांचे षड्यंत्र आले, तर ते त्याचे नाही हे ओळखायला कोणत्याही खुणेची गरज नसते.

सर्वच राजकारणावर बंदी घालण्याला माझा विरोध दोन कारणांनी आहे. पहिले असे की, बंदीने बोलणे थांबत नाही, ते जागा बदलते. ज्या ग्रुपमध्ये गावातल्या सगळ्या समाजांची माणसे आहेत, तिथे राजकारण बंद केले की लोक आपापल्या समाजाच्या ग्रुपमध्ये जातात आणि तिथे 'हे खोटे आहे' असे म्हणणारे कोणी नसते. माझ्या सासरच्या गावात आज एका गावाचे तीन ग्रुप आहेत. मूळच्या ग्रुपवर वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली एवढेच उरले आहे. खरे बोलणे बाकीच्या दोन ग्रुपांत चालते आणि ते एकमेकांना कधीच दिसत नाही. मिसळलेल्या ग्रुपमध्ये भांडण झाले तर निदान दुसरी बाजू कानावर पडते, आणि मराठवाड्यात अशा मिसळलेल्या जागा आता फार उरलेल्या नाहीत.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आमचे जगणे ज्यावर अवलंबून आहे ते सगळे राजकारणच आहे. एक रुपयातली पीकविमा योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ च्या खरिपात बंद झाली. नव्या पद्धतीत स्थानिक आपत्तीसारखे निकष वगळले गेले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर ठेवली गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सिंदफणा, सीना या नद्यांनी पात्र सोडले आणि हजारो शेतकऱ्यांची उभी पिके, कित्येकांची मातीसुद्धा, खरवडून नेली. ऑक्टोबरमध्ये सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. विम्याचे निकष बदलले तेव्हा माझ्या एकाही ग्रुपवर त्याची चर्चा झाली नव्हती, कारण तिथे 'राजकीय पोस्ट नको' होती. पॅकेज जाहीर झाल्यावर दोन्ही बाजूंची पोस्टर आली, एकात अभिनंदन आणि दुसऱ्यात धिक्कार. आपल्या गावात पंचनामा झाला का, फार्मर आयडी नसलेल्यांचे काय, कोणाच्या खात्यावर किती आले, हे कोणी लिहिले नाही. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, हेही आपल्या किती सदस्यांना माहीत असेल? विकासाच्या ज्या अनुशेषावर हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी उतारवयापर्यंत भांडण मांडले, तो विषयच आपल्या ग्रुपवर बंदीत गेला आहे आणि जातीचा मजकूर मात्र मागच्या दाराने येतो आहे.

मराठा समाजातील पात्र व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्र देण्यासाठीच्या, २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटियरसंबंधीच्या शासन निर्णयाचेच पाहा. त्यावर महिनाभर वाद झाले, कोणी विजय म्हटले, कोणी फसवणूक म्हटले, कोणी ओबीसींचा घात म्हटले. तो निर्णय लहान आहे, मराठीत आहे आणि शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. गावपातळीवर समिती कोणाची असेल, जमिनीचा पुरावा नसलेल्याने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे प्रतिज्ञापत्र कसे द्यायचे, हे त्यात लिहिले आहे. माझ्या ग्रुपांवर नेत्यांच्या चित्रफिती ढिगाने आल्या, तो निर्णय एकानेही टाकला नाही. म्हणून माझ्या नियमाला मी एकच अपवाद ठेवते : शासन निर्णय, न्यायालयाचा निकाल, परिपत्रक असा मूळ कागद असेल तर तो जरूर पाठवावा, मात्र त्यातले कोणते वाक्य आपल्याला दाखवायचे आहे ते सोबत स्वतः लिहावे.

आपल्या मनात कायद्याची भीती असते, हे मी जाणते. निवडणूक आली किंवा कुठे तणाव झाला की पोलीस ठाण्यातून ॲडमिनना नोटीस येते आणि आपण 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' ही सोय चालू करून मोकळे होता. काही दिवसांच्या तणावात ते योग्यच आहे. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्याच्याशी संगनमत किंवा समान उद्देश नसताना, केवळ ॲडमिन म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येणार नाही. त्यानंतर २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय मिळाली आहे. म्हणजे आता आपल्याजवळ माणूस काढून टाकण्याखेरीज दुसरा उपायही आहे. समाजासमाजांत वैर पेटवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे तो पुसताना संकोच करण्याचे कारण नाही. मार्च २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येची छायाचित्रे भावकीच्या ग्रुपवर आली, जिथे आठवीतल्या मुली आजीच्या फोनवर संदेश वाचून दाखवतात. संतापाने पाठवली हे खरे, पण ती तासन् तास तिथे राहिली, कारण कोणी पुसायचे हेच ठरलेले नव्हते.

आपल्यापैकी जे एखाद्या पक्षाचे बूथप्रमुख किंवा कार्यकर्ते आहेत, त्यांना मी वेगळे सांगते. पक्षाचे काम करण्यात कमीपणा काहीच नाही. पण गावाचा ग्रुप गावाने आपल्या हाती दिला आहे, पक्षाने नव्हे, आणि तिथे आपल्या पक्षाची पोस्टर राहतात व विरोधकांची पुसली जातात, हे सर्वांना दिसते. अशा ग्रुपमध्ये आपल्या सोबतीला दुसऱ्या विचाराचा आणि दुसऱ्या समाजाचा एक ॲडमिन घ्या, म्हणजे काय पुसायचे हे दोघांना मिळून ठरवावे लागेल.

बायकांविषयीही लिहिणे भाग आहे. राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि तरी गावाच्या ग्रुपवर सरपंचबाईंच्या ऐवजी त्यांचे यजमान उत्तरे देतात. स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा नियम झाला, तर 'पाण्याचा टँकर मंगळवारनंतर आला नाही' असे एक वाक्य लिहायला बायका पुढे येतील, असे मला वाटते. सध्याच्या आरडाओरड्यात त्या तोंड उघडत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

शेवटची विनंती काढून टाकलेल्या माणसांबद्दल आहे. आपल्या भागात ग्रुपमधून काढणे ही छोटी गोष्ट राहिलेली नाही, '... यांना काढून टाकले' ही ओळ सगळ्या सोयऱ्यांच्या देखत उमटते. माझ्या माहेरी एका वयस्क काकांना भाच्याने काढले, तेव्हा काका भाच्याच्या घरच्या तेराव्यालाही गेले नाहीत. आपण मागच्या दोन निवडणुकांत आणि आंदोलनांच्या काळात कोणाकोणाला काढले, त्यांची यादी आपल्या आठवणीत असेलच. त्यांना ग्रुपची लिंक पाठवू नका. वयाने मोठे असतील त्यांच्या घरी जा, इतरांना फोन करा, नवा नियम समजावून सांगा, त्यांना तो मान्य आहे का ते विचारा आणि मगच पुन्हा घ्या. ज्यांना नियम मान्य नसेल त्यांचे म्हणणेही ऐकून घ्या आणि ते आम्हा सदस्यांना कळवा, म्हणजे नियमात काही बदलायचे असल्यास आपण सगळे मिळून ठरवू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जि. लातूर